राहणे : एका क्रियापदाची कुळकथा

सुरतच्या दक्षिण भागात पांडेसरा आहे. तिथल्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या आसपास जी वस्ती वाढली, तीत धुळे, नंदुरबार, जळगावकडची खानदेशी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. कुठले म्हणून विचारलं की उत्तर दोन तुकड्यांत येतं : "आम्ही अमळनेरचे. राहतो पांडेसऱ्यात." गावाला 'चे' लागतो, सुरतच्या वाट्याला नुसतं क्रियापद येतं. ही वाटणी या क्रियापदाच्या कुळातच असावी, असं मला वाटतं.

व्युत्पत्तिकार 'राहणे'चं नातं संस्कृत 'रह्' धातूशी जोडतात. धातुपाठात त्याचा अर्थ त्याग असा दिला आहे : सोडणं, वेगळं होणं. विरह आणि रहित हे त्याच घरचे शब्द. प्राकृतात 'रहइ' झालं तेव्हा अर्थ कलला. बाकीचं निघून गेल्यावर मागे उरतं त्याच्याबद्दल हे क्रियापद बोलू लागलं. मराठीनं हा उरण्याचा अर्थ टाकला नाही. काम राहतं, जेवण राहतं, छत्री गाडीत राहते, शिक्षण राहून जातं. 'उभा राहा' म्हणताना त्याचा अर्थ थांबणं होतो, 'दिवस राहिले' म्हणताना गर्भ धरणं. कुठेतरी घर करून असणं हा यांतलाच एक अर्थ, आज सर्वांत रुळलेला. गाव सोडलेल्या माणसाच्या तोंडी मात्र जुना आणि नवा अर्थ एकत्र येतात : शेत तिकडे राहिलं, आम्ही इकडे राहिलो.

मुक्कामाचे प्रकार वेगळे ओळखण्याची मराठीची सवय जुनी आहे. महानुभावांच्या ग्रंथांत चक्रधरस्वामींच्या रात्रीच्या मुक्कामाला 'वसती' आणि अधिक काळच्या राहण्याला 'अवस्थान' म्हटलेलं आढळतं. परंपरेनुसार स्वामी मूळचे भडोचचे, म्हणजे गुजरातेतून मराठी मुलखात आलेले. खानदेशी माणूस उलट्या दिशेनं गेला. ताप्तीकाठचा व्यापारी रस्ता पूर्वीचाच होता; 1900च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरत जळगावच्या बाजूला जोडली. पुढे यंत्रमाग आणि मिला वाढल्या, तशी माणसंही वाढली.

अहिराणी बोलणाऱ्याला सुरतेत भाषा फारशी परकी वाटत नसावी. तो 'सुरतमा ऱ्हास' म्हणतो. त्यातला 'मा' गुजरातीतही आहे आणि क्रियापदही. गुजराती 'रहेवुं', हिंदी 'रहना', ओडिया 'रहिबा' ही सगळी भावंडं सुरतच्या कामगार वस्त्यांत रोज कानावर पडतात. भोजपुरीत तर 'रहल' म्हणजे 'होता'. हिंदीत 'जा रहा है', गुजरातीत 'जई रह्यो छे', वऱ्हाडीत 'जाऊन राहिला' : इथे राहणं घर सोडून चालू क्रियेच्या सेवेला लागलं. तेलुगू विणकरांचं 'उंडु' तेवढं निराळ्या कुळातलं.

मराठी घरांत आणखी एक भेद आहे आणि तो मला बोचतो. मुलगा सुरतला राहतो. लग्न होऊन गेलेली मुलगी सुरतला नांदते. 'नांदणे' संस्कृत 'नन्द्'पासून आलं. मुळात तो आनंद. 'नांदतं घर' म्हणताना तो अजून ऐकू येतो. पण सुनेच्या बाबतीत त्याचं कर्तव्य झालं. 'नांदायला येत नाही' ही तक्रार होते, 'नांदवत नाही' हीसुद्धा. 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खालच्या दाव्याला बोलीत 'नांदवण्याचा दावा' म्हणतात. खोली एकच, भाडं एकच, पण नवरा तिथे राहतो आणि बायको नांदते. बायकोही तिथे राहतेच, कित्येकदा घरी साडीला टिकल्या-लेस लावून त्या भाड्यात भर घालते. तिच्यासाठीही 'राहते' हेच क्रियापद वापरलं पाहिजे.

आता पांडेसऱ्यातच जन्मलेली पिढी संसाराला लागली आहे. तिच्यातली कित्येक मुलं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकली. त्यांचं काहीही मागे राहिलेलं नाही, तरी 'मूळ गाव' विचारलं की आजोबांचं गाव सांगावं लागतं. या मुलांनी 'आम्ही पांडेसऱ्याचे' म्हटलं, तर ऐकणाऱ्या मराठी माणसानं तेवढ्यावर थांबावं. 'हो, पण मूळचे कुठले?' असं पुन्हा विचारू नये.