सीनाकांठचें भिंगार

नदीकांठीं मोठीं नगरें वसलीं म्हणजे भोंवतालचीं खेडीं त्यांच्या छायेंत हरवतात, हा अनुभव बहुतेक सर्व देशांचा आहे. सीनेकांठच्या भिंगारचें असेंच झालें. औरंगजेब कोठें वारला, असें वर्गांत विचारलें कीं मुलें ‘अहमदनगरास’ म्हणून मोकळीं होतात. ‘भिंगारास’ म्हणणारा क्वचितच भेटतो. वास्तविक हें गांव त्या शहराहून जुनें.

बहामनी सेनापति जहांगीरखान भिंगारजवळ तळ देऊन बेसावध पडला असतां, २८ मे १४९० रोजीं मलिक अहमदानें त्यावर छापा घातला. सेनापति मारला गेला, फौज उधळली व निजामशाहीचा पाया पक्का झाला. हा अहमद म्हणजे पाथरीच्या ब्राह्मण कुळांत जन्मून पुढें मुसलमान झालेल्या मलिक हसनाचा पुत्र, असें फेरिस्ता लिहितो. जयाच्या जागीं त्यानें बाग लावली, तिचें नांव ‘बाग निजाम’. आणि १४९४ त तिच्याजवळच शहर वसविलें. रणांगणावर प्रथम बाग उठावी, यांत मला त्या काळची अभिरुचि दिसते. त्याच जागीं पुढें हुसेन निजामशहानें दगडी किल्ला बांधविला व १५९५-९६ च्या वेढ्यांत चांदबिबीनें मोंगलांस रोखलें तें याच तटावरून.

पण बागेला व शहराला पाणी हवें, आणि सीना तर उन्हाळ्यांत नुसतें वाळवंट दाखविणारी नदी! शहराची तहान भागविली ती कापूरवाडीसारख्या गांवांकडून खापरी नळांनीं आणलेल्या पाण्यानें. भिंगारजवळील फराहबाग हा तर तलावाच्या मध्यांत उभारलेला महाल. निजामशाही भिंगारच्या रणांत जन्मली हें खरें. परंतु ती जगली या खेड्यांच्या पाण्यावर, असें माझें मत आहे.

पंचवीस वर्षें दक्षिणेंत झुंजून थकलेला औरंगजेब जानेवारी १७०६ त येथें परतला व ३ मार्च १७०७ रोजीं भिंगारनजीकच्या छावणींत मरण पावला. दफन खुलताबादेस झालें. मृत्यूच्या जागेस आलमगीर म्हणतात. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें किल्ला घेतला आणि भिंगारला इंग्रजी छावणी आली.

याच सीनेच्या कांठीं, खालच्या अंगास, चौंडी येथें १७२५ त अहिल्याबाई जन्मल्या. त्यांच्या नांवानें २०२४ त शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. अहमदाचें नांव पांचशें तीस वर्षें टिकलें. भिंगार मात्र अहमदापूर्वीं भिंगारच होतें, आणि आजहि भिंगारच आहे.