झडपेवरचे जंतू : राधानगरीचे धरण उभे राहिले त्या अर्धशतकात पालटलेला एक आजार

१/ राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात बातमीचा विषय होतात. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानेच दरवाजा उघडतो, १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत सोडतो आणि पातळी उतरली की मिटतो. हृदयातील चार झडपांचे कामही असेच दाबावर चालते. फक्त त्या दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडमीट करतात. या झडपांवर जंतूंनी ठाण मांडले की त्या आजाराला इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात. त्याच्या इतिहासाचा हा धागा.

२/ राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरी वसवली आणि धरणाचे काम हाती घेतले. महायुद्धाच्या काळात ते रखडले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि धरण पूर्ण व्हायला १९५७ उजाडले. जगाच्या वैद्यकीय इतिहासात हेच अर्धशतक निर्णायक ठरले. पाया खोदला जात होता, तेव्हा हा आजार म्हणजे मृत्युदंड होता; धरण पूर्ण झाले, तेव्हा तो बरा होऊ लागला होता.

३/ या आजाराची पहिली व्यवस्थित मांडणी विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत केली. झडपेवर जंतू, रक्तातील बिंबाणू आणि तंतू यांच्या गाठी धरतात. ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. गाठीचा एखादा तुकडा सुटून मेंदूत अडकला, तर पक्षाघात होतो. झडप फाटली, तर हृदय थकत जाते.

४/ १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी थोर संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या रक्तातून स्ट्रेप्टोकोकस जंतू वाढवून दाखवले. निदान अचूक होते, पण हाती औषध नव्हते. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते निवर्तले. रुग्ण न्यूयॉर्कचा असो वा कोल्हापूरचा, त्या काळी शेवट एकच होता.

५/ जंतू झडपेवर पोहोचत कसे? निरोगी झडप गुळगुळीत असते; तिच्यावर जंतू सहसा टिकत नाहीत. लहानपणी स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा दुखतो, त्याकडे दुर्लक्ष होते आणि काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच झडपांवर उलटते. झडप खरबरीत, जाड, अरुंद होते. पुढे हिरड्यांतून रक्तात शिरलेल्या जंतूंना तेथे आयता आधार मिळतो.

६/ दाटीवाटीची घरे आणि उपचारांचा अभाव ही या तापाची खरी भूमी. युरोप-अमेरिकेत राहणीमान सुधारले, तसा तो ओसरत गेला. भारतात मात्र उलट घडले: उष्ण प्रदेशात हा ताप विरळा असतो, असा समज विसाव्या शतकाच्या आरंभी वसाहतकालीन वैद्यकात रूढ होता. आजार होता, पण त्याचा शोध घेतला जात नव्हता. पुढे भारतीय डॉक्टरांच्या नोंदींनी हा समज खोडून काढला.

७/ कलाटणी दिली पेनिसिलिनने. १९४४ मध्ये ब्रुकलिनमध्ये लिओ लोवे यांनी शिरेतून मोठ्या मात्रेत पेनिसिलिन देऊन या आजाराचे रुग्ण वाचवले. महाराष्ट्रातील पुढचा टप्पा पिंपरीचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तोवर आयात होणारे औषध देशात तयार होऊ लागले. राधानगरीचे काम पूर्ण होण्याच्या दोनच वर्षे आधीची ही गोष्ट.

८/ त्याच दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी अरुंद झालेली मायट्रल झडप रुंद करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. १९६० मध्ये अमेरिकेत कृत्रिम झडप यशस्वीपणे बसवली गेली. ६ डिसेंबर १९९० रोजी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत भारतीय बनावटीची चित्रा झडप प्रथम बसवली गेली. लाखो प्राण वाचले. पण कृत्रिम झडप हीदेखील जंतूंना चिकटण्यासाठी एक नवी जागा ठरली.

९/ येथून आजाराचा चेहरा बदलला. पेसमेकर, डायलिसिससाठीच्या नळ्या, शिरेत दीर्घकाळ ठेवलेल्या सुया आणि नशेची इंजेक्शने हे नवे जोखमीचे घटक झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ देशांतील २,७८१ रुग्णांच्या अभ्यासात सर्वाधिक आढळलेला जंतू तोंडातला नव्हता. तो त्वचेवर व नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस होता. त्याचे प्रमाण होते ३१ टक्के. रुग्णांचे मध्यक वय सुमारे ५८ वर्षे होते.

१०/ भारताचे चित्र वेगळे राहिले. दिल्लीच्या एम्समधील १९८१ ते १९९१ या काळातील रुग्णांचे सरासरी वय अवघे २५ च्या आसपास होते आणि ४२ टक्के रुग्णांच्या झडपा संधिवाताच्या तापाने आधीच बिघडलेल्या होत्या. एकीकडे हा आजार उतारवयाचा होत होता, तर दुसरीकडे तो ऐन विशीतल्यांना गाठत होता. आज आपल्या मोठ्या रुग्णालयांत दोन्ही काळ शेजारशेजारच्या खाटांवर दिसतात.

११/ त्यात आणखी एक अडचण. जंतू ओळखण्यासाठी प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे नमुने घ्यावे लागतात. आपल्याकडे अनेक रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत तापासाठी निरनिराळी प्रतिजैविके घेऊन चुकलेले असतात. मग नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि चार ते सहा आठवड्यांचा उपचार अंदाजाने करावा लागतो. ज्या औषधाने आजार जिंकला, त्याच्या अर्धवट वापराने निदान धूसर केले.

१२/ दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याचा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये दिला आणि २००७ मध्ये तो फक्त सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांपुरता ठेवला. दात व हिरड्या रोज स्वच्छ राखणे अधिक मोलाचे, हा त्यामागचा विचार. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्यांसाठी दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन ही मात्र निराळी बाब. ते आजही तितकेच आवश्यक आहे.

१३/ म्हणून या इतिहासाचा सर्वांत स्वस्त टप्पा आजही पहिलाच आहे: शाळकरी मुलाच्या दुखऱ्या घशाची वेळेत तपासणी. डोंगराळ तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात तेवढे होऊ शकते. तेथे चुकले, तर पुढची वाट मोठ्या शहरातील शस्त्रक्रियागृहाकडे जाते आणि त्या वाटेचा खर्च बहुतेक घरांना पेलवत नाही.