पाव किलोतले दोन हिशेब

बाजारात आपण पाव किलो वाटाणे मागतो तेव्हा तराजू वापरणारा विक्रेता पारड्यात बहुधा दोन वजने ठेवतो: एक दोनशे ग्रॅमचे, दुसरे पन्नासचे. अडीचशे ग्रॅमचे एकसंध वजन त्याच्या संचात नसते. कारण दशमान पद्धतीचा संच एक, दोन आणि पाच या क्रमाने बांधलेला असतो. ‘पाव’ हा शब्द मात्र निराळ्या गणितातला आहे. त्या गणितात वस्तूचे अर्धे, अर्ध्याचे पाव, पावाचे अर्धपाव होत जाते. कायद्याने एकक बदलले, पण वाटणी करण्याची रीत बदलली नाही.

ही रीत अशास्त्रीय नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया; शेराचे सोळा छटाक; तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. धान्याची रास किंवा दोरीची लांबी कागदाविना निम्मी करता येते, दहा समान भागांत विभागणे मात्र कठीण असते. जुन्या शाळांतून मुलांकडून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून घेत, ती याच व्यवहारासाठी. ‘सोळा आणे खरे’, ‘तोळामासा प्रकृती’, ‘शेरास सव्वाशेर’ ही भाषाही त्यातूनच घडली.

दोष होता तो एकवाक्यतेच्या अभावाचा. बंगाली मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा, तर मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलोग्रॅमचा. मराठी मुलखात शेर हे वजनही होते आणि धान्य मोजण्याचे मापही. एका मापाने घेऊन दुसऱ्याने देणाऱ्यास यात वाव होता आणि त्याची झळ लहान शेतकऱ्यास लागे.

सुधारणेचा पहिला प्रयत्न लॉर्ड मेयोच्या काळी झाला. १८७१च्या कायद्याने ‘शेर’ हे नाव कायम ठेवून त्याचे वजन किलोग्रॅमएवढे ठरविले. १८७२ साली अंदमानात मेयोची हत्या झाली आणि कायदा अमलात आला नाही. तथापि मेट्रिक पद्धत येणार या अपेक्षेने नव्या लोहमार्गांची रुंदी एक मीटर धरण्यात आली होती. १८७३ साली दिल्ली–रेवाडी मार्ग त्या रुंदीचा सुरू झाला. बाजारात मीटर येण्यापूर्वी सुमारे नव्वद वर्षे तो असा रुळांवर आला. त्या मार्गांवरील अंतरे मात्र मैलांत मोजली जात होती.

खरे परिवर्तन स्वातंत्र्यानंतर झाले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६च्या वजनमापांच्या कायद्यानुसार १९५८च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२पर्यंत ती देशभर सक्तीची झाली. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. तो पाव पैसा कोणी सोडायचा, हा प्रश्न आणा-दोन आण्यांची खरेदी करणाऱ्यासमोरच उभा राही.

तरीही इंग्रजी आणि देशी मापे पुष्कळ ठिकाणी टिकली. कापड मीटरने घेतले जाते आणि शिंपी अंगाचे माप इंचांत घेतो. हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये कळते, पण घरातला ताप फॅरनहाइटमध्ये सांगितला जातो. वाळू ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी येते. जमीन केरळात सेंटने, पंजाबात कनाल-मरल्याने, बंगालात बिघा-कठ्ठ्याने मोजण्याची सवय आहे. या द्वैताने सहसा कोणाचे नुकसान होत नाही, कारण दोन्ही मापे निरनिराळ्या नावांनी ओळखली जातात.

नुकसान होते ते एकच नाव दोन मापांना वापरले गेले की. तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज अनेक पेढ्यांवर आणि लग्नाच्या बोलण्यांत तो दहा ग्रॅमचा धरला जातो. आजीच्या याददाश्तीतले पाच तोळे आणि नातीला देऊ केलेले पाच तोळे यांत आठ ग्रॅमांहून अधिक अंतर पडते. जमिनीचेही तसेच. तेहेतीस फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सात-बारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आर शंभर चौरस मीटरांचा, गुंठा १०१.१७चा. ‘आर म्हणजे गुंठाच’ असे बोलण्यात सहज म्हटले जाते. गुंठ्यामागे फरक क्षुल्लक दिसतो. परंतु चाळीस आर म्हणजे एकर असे धरून वाटणी झाली, तर एकरामागे जवळजवळ सत्तेचाळीस चौरस मीटर, म्हणजे पाचशेहून अधिक चौरस फूट जमीन हिशेबातून निसटते. एवढ्या जागेत एक लहान घर उभे राहते.

१८७१च्या कायद्याने शेराचे केले असते तेच व्यवहाराने तोळ्याचे आणि गुंठ्याचे केले आहे: नाव जुने, आशय नवा. कायद्याने केलेला बदल राजपत्रात प्रसिद्ध होतो. व्यवहाराने केलेला कुठेच नोंदला जात नाही. म्हणून जुने खरेदीखत, वाटणीपत्र किंवा जमाखर्चाची वही वाचणाऱ्याने आकड्याआधी त्याचे माप विचारावे: शेर कोणत्या गावचा, मण कोणत्या प्रांताचा, तोळा कोणत्या काळचा. पाव किलो देणारा विक्रेता आपल्यासमोर दोन्ही वजने मांडतो, त्यामुळे त्याचा हिशेब चुकत नाही. दस्तऐवजातली मापेही तशीच उघड मांडली, तर वारसाच्या वाट्याला आलेले त्याला पूर्ण मिळेल.