सातपुडा (नंदुरबार जिल्हा)

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, नर्मदा व तापी या नद्यांच्या दरम्यानचा डोंगराळ प्रदेश. अक्राणी (धडगाव) तालुका, अक्कलकुव्याचा बराचसा भाग आणि तळोदा-शहाद्याची उत्तर बाजू यात मोडते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तो समाविष्ट आहे. अस्तंबा हे येथील प्रसिद्ध शिखर, तर तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण. वस्ती मुख्यतः भिल्ल व पावरा आदिवासींची.

शेती उतारावरची आणि पावसावर अवलंबून. ज्वारी, मका यांबरोबर मोर, बर्टी यांसारखी बारीक धान्ये होतात. एका पिकावर वर्ष निघत नाही. उरलेले महिने जंगल सांभाळते. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुले वेचायची, मागाहून टोळंबीचे (मोहाच्या बियांचे) तेल काढायचे, चारोळी गोळा करायची. धडगाव परिसराचे खरे नगदी उत्पन्न मात्र आमचूर. कच्चे आंबे उतरवून सोलायचे, फोडी करून खडकांवर किंवा अंगणात वाळत घालायच्या, हे काम घरातली लहानमोठी सगळी माणसे मिळून करतात. फोड जितकी पांढरी, तितका भाव चांगला. वळवाची एक सर आली की फोड काळी पडते आणि मेहनत मातीमोल होते. माल वाळवून देणाऱ्याच्या हाती भाव ठरवण्याची ताकद नाही, हे या धंद्याचे जुने दुखणे आहे. खरीप आटोपला की अनेक कुटुंबे ऊसतोडीला व इतर मजुरीला गुजरातेत जातात. मुलांची शाळा तिथेच तुटते. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता राज्यात सर्वांत कमी होती, त्यामागे या स्थलांतराचाही वाटा आहे.

मजुरीला गेलेली माणसे होळीला मात्र परततात. त्याआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात कपडे, गूळ, डाळ्या, दागिने यांची खरेदी होते. वर्षाची कमाई इथेच खर्च होते. काठी (ता. अक्कलकुवा) येथील राजवाडी होळी सर्वांत मानाची. उंच बांबू उभा करून रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. नवस असलेले पुरुष आधी काही दिवस पाळणी करतात: खाटेवर झोपायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे. अंगभर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू नाहीतर वाळलेले दुधी अशा वेशातला बुध्या नाचताना हे व्रतच निभावत असतो. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांना ती नुसती रंगीत जत्रा वाटते, हे त्या व्रतावर अन्याय करणारे आहे. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा भरते. शिखरावर अश्वत्थाम्याचा वास असून तो जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे.

प्रदेशाला सर्वांत मोठा धक्का सरदार सरोवर धरणाने दिला. महाराष्ट्रातील 33 गावे बुडिताखाली आली. त्यांत मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे होती. धरणाच्या विजेत राज्याचा वाटा 27 टक्के ठरला, पण डोंगरातल्या कित्येक पाड्यांवर वीज फार उशिरा पोहोचली. धरणविरोधी नर्मदा बचाओ आंदोलनाने येथे जीवनशाळा काढल्या, आदिवासी मुलांना त्यांच्या बोलीच्या आधाराने शिकवले. पुनर्वसित कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसली. तिथे जमीन मिळाली तरी मोह, आंबा आणि नदीतली मासळी नाही. जुन्या गावाचे गावदेव, वाघदेव यांची ठाणीही मागेच राहिली. 2006 च्या वनहक्क कायद्याने डोंगरावर राहिलेल्यांना कसत असलेल्या वनजमिनीवर आणि गौण वनोपजावर हक्क मागण्याची वाट दिली. हे हक्क प्रत्यक्षात मिळाले, तर आमचुराबरोबर मोह, टोळंबी यांच्या व्यवहारातही ग्रामसभेला बोलता येईल.