परदादांची मदिना

आमच्या गावच्या जमातीने मशिदीच्या नव्या बांधकामानिमित्त स्मरणिका काढायचं ठरवलं आणि जुन्या घराण्यांकडून एकेक पान मागवलं. आमच्या घराकडून काय जाणार हे विचारायची गरजच नव्हती. खाडीकाठच्या आमच्या घराला आजही 'हाजीचं घर' म्हणतात. हे हाजी म्हणजे माझे परदादा, आगबोटीवरचे सारंग. त्यांची गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. १९११ साली हज करून ते मदिनेहून मुंबईला आले. त्याच दिवशी विलायतेचा बादशाह पंचम जॉर्ज मुंबईत उतरला. आणि गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून पुढे बादशाह, मागे आमचे परदादा, असे दोघे शहरात शिरले. पाचवीत असताना 'माझे पूर्वज' या निबंधात मी ही गोष्ट लिहिली होती आणि गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली होती.

पान लिहायचं काम माझ्याकडे आलं. सोबत छापायला काहीतरी हवं म्हणून फुफीने पत्र्याच्या ट्रंकेतून परदादांचा अल्बम काढून दिला. मी तो याआधी एकदाच, लांबून पाहिला होता.

जाड काळ्या कागदाची पानं, बांधणी सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. निम्म्याहून जास्त पिक्चर पोस्टकार्डं, काही बंदरात विकत घेतलेले मोठे फोटो, आणि शेवटी दहा-बारा लहान फोटो. या लहान फोटोंचा काळा भाग आता कलता धरला की चांदीसारखा चमकतो. कागदातली चांदीच वर आलेली असते ती. त्यातल्या एकाच्या मागे शिसपेन्सिलीने इंग्रजीत एकच ओळ आहे: सारंगास, आभारासह. म्हणजे कुणा प्रवाशाने किंवा बोटीवरच्या अधिकाऱ्याने आपल्या कॅमेऱ्याने काढून दिलेले हे फोटो. त्या काळात ते अशक्य नव्हतं. कोडॅक कंपनीने १९०० साली ब्राउनी नावाचा डबा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला आणि ज्याला बोटीचं तिकीट परवडत होतं त्याला कॅमेराही सहज परवडू लागला.

अशा प्रवाशांचे अल्बम आज विलायतेतल्या संग्रहांत ढिगाने आहेत. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात आणि ब्रिटिश लायब्ररीत ते जपून ठेवलेत, काही संगणकावर पाहता येतात. मी रात्र-रात्र जागून पाहिले. दहा अल्बम पाहिले की अकरावा न उघडता सांगता येतो. पोर्ट सैद, सुएझचा कालवा, एडनच्या पाण्याच्या टाक्या, अपोलो बंदर, घारापुरी, मग आगगाडी, मग ताजमहाल. मधल्या पानावर डेकवरचे खेळ. आणि कुठेतरी कोपऱ्यात दोरखंड ओढणारी माणसं, खाली पांढऱ्या शाईत एकच शब्द: लस्कर. लश्कर या आपल्या ओळखीच्या फारसी शब्दाचंच ते रूप. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे असत, त्यामुळे त्या कोपऱ्यात आपल्या गावाकडचं कुणी असेल अशी शंका मला प्रत्येक वेळी येते. नावं कुठेच नसतात.

परदादांच्या अल्बममध्येही ठिकाणं जवळपास तीच आहेत, याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं की बंदरं तीच, कार्ड विकणारे तेच, तर चित्रं वेगळी कुठून येणार? पोर्ट सैदच्या धक्क्यावरचा लेसेप्सचा पुतळा आहे, उजवा हात कालव्याच्या तोंडाकडे केलेला. तो पुतळा १८९९ मध्ये उभारला आणि १९५६ मध्ये, सुएझच्या लढाईनंतर, इजिप्तच्या लोकांनी सुरुंग लावून खाली पाडला. एडनची तर चार कार्डं आहेत. एडन तेव्हा परदेश नव्हताच म्हणा. १८३९ पासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले आणि १९३७ पर्यंत तिथे हिंदुस्थानचीच तिकिटं लागत. अल्बममधलं एकच कार्ड टपालाने आलेलं आहे आणि ते एडनचंच. त्यावर पंचम जॉर्जचं डोकं असलेलं हिंदुस्थानी तिकीट. शिक्क्यातलं वर्ष पुसलंय, पण ही तिकिटं १९११ च्या अखेरीला निघाली, म्हणजे कार्ड त्यानंतरचं. मजकूर मोडीत. परदादांना लिहिता येत नव्हतं, बोटीवरच्या कुणाकडून तरी लिहून घेतलेला असणार. मोडी वाचणाऱ्या एका बुजुर्गांना मी तो दाखवला. खुशाली, मुंबईच्या खोलीवर ठेवलेले पैसे कुणाहाती पाठवलेत ते, आणि पावसाआधी पडवीची कौलं फिरवून घ्या. बस्स. हजचा एक शब्द नाही.

इथून माझं लक्ष गोष्टीवरून तारखांवर गेलं, आणि एकदा ते गेलं की माणूस स्वस्थ बसत नाही.

आधी गेटवे. अल्बममध्ये समुद्राकडून घेतलेला अपोलो बंदराचा एक लहान फोटो आहे. ताजमहाल हॉटेल पूर्ण उभं आहे, म्हणजे फोटो १९०३ च्या डिसेंबरनंतरचा. आणि त्याच्यापुढे, जिथे कमान असायला हवी तिथे, मोकळं आकाश. हे बरोबरच आहे. बादशाह उतरला २ डिसेंबर १९११ ला, तेव्हा बंदरावर स्वागतासाठी तात्पुरता मंडप होता. गेटवेची कोनशिला त्यानंतर ३१ मार्च १९१३ ला बसली, जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि कमान लोकांसाठी खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. १९११ मध्ये त्या कमानीखालून बादशाहदेखील गेला नाही, आमचे परदादा कुठून जाणार! (याच विटेटने जवळच्या म्युझियमला घुमट चढवला, विजापूरच्या गोल घुमटाकडे पाहून. तो आमच्या गोष्टीत येत नाही, पण समुद्रावरून तोही दिसायचा.)

गेटवे गेला तर जाऊ दे, असं मी मनाला सांगितलं. कमान मागाहून कुणी जोडली असेल, हज तर खरी आहे ना? मग हिजरी तारखा जुळवून पाहिल्या. १९११ सालची बकरी ईद आली होती डिसेंबरच्या अगदी पहिल्या-दुसऱ्या तारखेला. म्हणजे बादशाह अपोलो बंदरावर पाय ठेवत होता तेव्हा त्या वर्षीचे हाजी मिनामध्ये होते. त्यांच्यातला कुणी त्या दिवशी मुंबईत असणं शक्यच नाही. आदल्या वर्षीची हज म्हणावी, तर ती १९१० च्या डिसेंबरात झालेली. वर्षभर मदिनेत राहून येण्याइतकी सवड बोटीच्या सारंगाला कोण देईल?

मग अल्बममधली मक्का-मदिनेची कार्डं पाहिली. तीन आहेत. एक काबाशरीफचं, दोन मदिनेची. मदिनेच्या एका कार्डात जन्नतुल बकीच्या कबरींवरचे घुमट दिसतात. १९२५-२६ मध्ये सौदी राजवट आल्यावर ते पाडले गेले आणि त्यावरून हिंदुस्थानातल्या मुसलमानांमध्ये केवढं वादळ उठलं हे जुन्या लोकांना आठवत असे. आज तिथे नुसती जमीन आणि दगड आहेत, त्यामुळे अशी कार्डं हाच त्या घुमटांचा उरलेला चेहरा. पण ही कार्डं हजचा पुरावा होत नाहीत. हरमैनचे फोटो त्याआधी पन्नास वर्षांपासून निघत होते. सादिक बे या इजिप्तच्या लष्करी अधिकाऱ्याने मदिनेचे पहिले फोटो १८६१ मध्ये काढले, मक्केचे १८८० मध्ये. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीच्या चांदणी चौकातल्या एच. ए. मिर्झा अँड सन्स या फोटोग्राफरांनी हजचे फोटो काढून विकायला ठेवले. जो गेला नाही तोही ते घरात लावू शकत होता.

राहिलं एक कार्ड, ज्याकडे मी आधी नीट पाहिलंच नव्हतं. पांढरीशुभ्र मोठी आगबोट, दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या. खाली इंग्रजीत तिचं नाव: मदिना.

ते नाव वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. १९११ साली पी. अँड ओ.ने बांधलेली, बारा हजार टनांवरची ही बोट. ती नवी कोरी असतानाच सरकारने बादशाहाच्या प्रवासासाठी घेतली, पांढरी रंगवली, निशाणासाठी जादा डोलकाठी चढवली, आणि पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आला तो याच बोटीतून. त्या फेरीत तिच्यावर आरमाराची माणसं होती, आमच्यासारख्यांना जागा असण्याचा संभव कमी. पण १९१२ पासून ती कंपनीच्या रोजच्या टपाल-प्रवासी फेऱ्यांवर लागली आणि १९१७ च्या एप्रिलात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली. या पाच वर्षांत परदादा तिच्यावर असतील. 'सारंग मदिनेवरून आले', 'बादशाह आला त्या मदिनेवरून आले', असं बंदरावर कुणी म्हटलं असेल आणि गावात पोचेपर्यंत बोटीचं शहर झालं असेल. बोटीवरून हर्णैला उतरून पडावाने किनाऱ्याला लागणाऱ्या माणसाबद्दल गावात काय काय पसरतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. परदादांनी ते खोडून का काढलं नाही, हा प्रश्न मात्र मला टोचत राहिला. त्यांनी हाजी म्हणवून घेतलं का, की लोक म्हणत राहिले आणि ते गप्प राहिले?

फुफीला फोन करायचं मी चार दिवस टाळलं. ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या नावाच्या पाठीमागचा सगळा मान त्या एका शब्दावर उभा आहे. शेवटी गावी जाऊनच सांगितलं. तारखा, कमान, बोट, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो शेवटचा फोटो बघितलास का रे?"

शेवटच्या पानावर दोन लहान फोटो आहेत. एकात बोटीच्या डेकवर बारा-तेरा खलाशी ओळीने उभे, मधे कमरेला शीळ लटकवलेला एक उंच माणूस, तेच परदादा. पण एकालाही चेहरा नाही. सुईने खरवडून काढलेत. हे मला ठाऊक होतं आणि लहानपणापासून मला याचा राग होता. परदादा वारल्यावर परदादीने एका दुपारी बसून ते केलं. तसबिरी असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तसं पाहिलं तर तेव्हाही सगळे एका मताचे नव्हते. मौलाना आझादांचं 'अल-हिलाल' १९१२ मध्ये निघालं तेच मुळी फोटोंसकट. पण आमच्या खाडीवर कलकत्त्याची मासिकं कोण आणणार? मी हे बोलून दाखवलं तर फुफी भडकली. "त्यांच्या रूहला त्रास होऊ नये म्हणून दादीने केलं ते. स्वतःच्या खाविंदाचा चेहरा खरवडताना तिला बरं वाटलं असेल का? अल्बम फाडला असता तर? तिने फाडला नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुसरा फोटो तिला दाखवायचा होता. बोटीच्या कठड्यावरून घेतलेला. जवळ पाण्यात शिडाच्या होड्या, त्यात खच्चून भरलेली माणसं आणि गाठोडी. दूर क्षितिजावर पांढरी, बारीक रेघ, तिच्यात दोन-तीन मिनार. मागे तेच पेन्सिलीचं अक्षर: जेद्दा. किनाऱ्याजवळ पोवळ्यांचे खडक असल्यामुळे मोठ्या आगबोटी बाहेरच नांगर टाकत आणि हाजींना होड्यांतून नेत. पी. अँड ओ.च्या टपाल बोटी तिकडे जात नसत, म्हणजे परदादा कधीतरी मुंबईहून हाजींना नेणाऱ्या बोटीवरही होते. कमरान बेटावर क्वारंटाइनचे दिवस काढत, मग जेद्दा. हजारभर हाजी होडीत उतरवून देणं हे सारंगाचंच काम. तिथून मक्का उंटावरून दोन मुक्कामांची वाट. ते उतरले का? रजा मिळाली का? की कठड्याशी उभं राहून ती पांढरी रेघ पाहिली आणि नांगर उचलायचा हुकूम आला?

"एकदा तरी उतरलेच असतील," फुफी म्हणाली. "इतक्या लोकांना उतरवलं, अल्लाह त्यांना एकदा नाही उतरवणार?"

मी स्मरणिकेचं पान लिहिलं. बादशाह आणि गेटवे काढून टाकले. मदिना बोटीबद्दल चार ओळी टाकल्या. परदादांच्या नावामागचं हाजी काढलं नाही, पण १९११ हे साल काढलं. सोबत जेद्दाचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. फोटो फार पुसट आहे, छपाईत काहीच दिसणार नाही, त्याऐवजी काबाशरीफचं कार्ड टाकू या का, ते छान उठेल. मी म्हटलं नको, हाच टाका. मग त्यांनी खाली काय लिहायचं ते विचारलं. मी सांगितलं, "जेद्दा, बोटीवरून."