केना का मरत नाही?

मागं अर्धापूरकडच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "केळीत दरसाल तणनाशक मारतो. बाकी तण जळतं, पण केना हटत नाही, उलट वाढलाय. असं कसं?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला ऐंशी वर्षं मागं जावं लागतं, म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

त्याआधी रानात खुरपंच होतं. कोणतं तण काढायचं, कोणतं ठेवायचं, हे खुरपणारी बाई ठरवायची. माझ्या सासूबाई तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू ओट्यात टाकायच्या आणि बाकीचं बांधावर फेकायच्या. संध्याकाळच्या कोरड्यासाची सोय पातीवरच व्हायची. खुरप्यानं सगळंच जमत होतं असंही नाही. लव्हाळा वरून निघायचा, पण खाली माळेसारख्या ओवलेल्या त्याच्या गाठी तशाच राहायच्या. आठ दिवसांत पुन्हा हिरवा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २,४-डी हे औषध शोधलं, आणि युद्ध संपता संपता ते बाजारात आलं. ते रुंद पानाचं तण मारतं, गवताला सोडतं. ऊस, ज्वारी, मका ही पिकं गवताच्याच कुळातली, म्हणून ती वाचतात. पण मग हरळी आणि कुंदाही वाचतात, आणि मरतात आधी कोण? आपला तांदुळजा अन् घोळ. कापूस तर या औषधाला फारच हळवा. शेजारच्या उसात मारलेला फवारा वाऱ्यानं आला, तरी कापसाची पानं आकसून बेडकाच्या पायासारखी होतात. आमच्याही रानात एका साली असं झालं होतं, आणि रोग समजून आम्ही भलतंच औषध मारत बसलो.

१९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीचं अ‍ॅट्राझिन आलं. लातूरकडं उसात ते लागणीनंतर लगेच मारतात. बियांपासून उगवणारं तण त्यानं कोवळं असतानाच मरतं. लव्हाळा मात्र बीपेक्षा गाठीवरच जास्त जगतो. शेजारपाजारचं तण गेलं, ऊन आणि पाणी त्याला एकट्याला मिळालं. उसात लव्हाळ्याचा गालिचा दिसतो, त्यामागं हेही एक कारण आहे.

मग ग्लायफोसेट. १९७० मध्ये अमेरिकेत मोन्सॅन्टो कंपनीत त्याचा गुण कळला, १९७४ पासून ते विकायला आलं. पानावर पडलं की ते मुळापर्यंत उतरतं. आता कोणतंच तण राहणार नाही, असं लोकांना वाटलं. केना राहिला. मोठा झालेला केना या औषधाला सहज दाद देत नाही. त्याचा तुकडा ओलीत पडला तर पेरापेरातून मुळं फुटतात. आणि गंमत म्हणजे, त्याला मातीच्या आतही फुलं येतात, तिथंच बी धरतं! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस आला आणि शेतकरी त्या एकाच औषधावर विसंबले. २००० नंतर काही वर्षांतच हाच केना तिथल्या कापसातलं सगळ्यात त्रासदायक तण झाला. म्हणजे अर्धापूरच्या ताईंचं दुखणं साता समुद्रापारही आहे.

केळीत आणखी एक अडचण. हे औषध पिकाला ओळखत नाही. मुनव्यांच्या पानावर उडालं तर नवी पानं अरुंद आणि पिवळी निघतात. शिवाय आपल्या देशात ग्लायफोसेटला मंजुरी आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि बिनपिकाच्या जागेसाठी. केळी त्यात नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं आदेश काढला, की ते परवानाधारक कीडनियंत्रकांशिवाय कुणी वापरू नये. दुकानात हे किती जणींना सांगितलं गेलं?

एकच औषध दरसाल मारलं, की त्याला न जुमानणारं तण आपणच पोसतो. ताईंना मी एवढंच सांगितलं. केना फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचा, ओल्या सरीत टाकायचा नाही, बाहेर नेऊन कडक उन्हात वाळवायचा. दोन ओळींत केळीची वाळली पानं आणि उसात पाचट अंथरलं तर नवं तणही कमी उगवतं. फवारलेल्या रानातला केना भाजीला मात्र आणू नका.

ताई म्हणाल्या, "म्हणजे खुरपं परत काढावं लागंल." शेजारी बसलेल्या मावशी तणनाशक आल्यापासून खुरपणीच्या कामाला मुकल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "काढू की. पण रोज किती देणार, ते आधी बोला." मग बैठकीचा पुढचा तास मजुरीच्याच बोलण्यात गेला.