दामो सुझुकी

दामो सुझुकी (जन्म : १६ जानेवारी १९५०, कोबे, जपान, मृत्यू : ९ फेब्रुवारी २०२४, क्योल्न, जर्मनी) हे जर्मनीत स्थायिक झालेले जपानी गायक होते. त्यांचे मूळ नाव केंजी सुझुकी. प्रायोगिक रॉक संगीतातील ‘कॅन’ या जर्मन बँडचे गायक म्हणून ते १९७० ते १९७३ या काळात प्रसिद्धीस आले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जगभरातील स्थानिक वादकांबरोबर पूर्णतः उत्स्फूर्त कार्यक्रम केले. या कार्यक्रमांत आधी ठरवलेले गीत, चाल वा तालीम यांपैकी काहीही नसे. प्रत्येक शहरात वादक नवे असत आणि सादर झालेले संगीत पुन्हा सादर होत नसे.

युरोपातील आगमन

१९६० च्या दशकाच्या अखेरीस, विशीही गाठलेली नसताना, सुझुकी यांनी जपान सोडले. युरोपात भटकंती करीत असताना रस्त्यावर गाऊन-वाजवून ते उदरनिर्वाह करीत. या काळात काही दिवस त्यांचे वास्तव्य स्वीडनमध्ये होते. पुढे ते जर्मनीत आले आणि म्युनिक येथे ‘हेअर’ या संगीतिकेच्या जर्मन प्रयोगात त्यांना काम मिळाले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

‘कॅन’मधील कारकीर्द

‘कॅन’ची स्थापना १९६८ मध्ये क्योल्न (कलोन) येथे झाली. इर्मिन श्मिट (की-बोर्ड), होल्गर चुकाय (बास गिटार व ध्वनिमुद्रण), मिखाएल कारोली (गिटार) आणि याकी लीबेत्साइट (ड्रम) हे तिचे प्रमुख वादक होते. श्मिट आणि चुकाय हे कार्लहाइन्त्स स्टॉकहाउझन या आधुनिक संगीतकाराचे विद्यार्थी, तर लीबेत्साइट जॅझमधून आलेले होते. बँडचे पहिले गायक माल्कम मूनी मानसिक अस्वास्थ्यामुळे अमेरिकेला परतले, तेव्हा ती जागा रिकामी झाली.

१९७० मध्ये ‘कॅन’चा कार्यक्रम म्युनिकच्या ‘ब्लो अप’ क्लबमध्ये ठरला होता. त्या दिवशी एका कॅफेबाहेर बसलेल्या चुकाय आणि लीबेत्साइट यांना रस्त्यावर मोठ्याने काही गात असलेला एक जपानी तरुण दिसला. चुकाय यांनी त्याला त्याच रात्री मंचावर गाण्याचे निमंत्रण दिले. तालीम करण्यास वेळ नव्हता आणि ती झालीही नाही. चुकाय यांच्या आठवणीप्रमाणे सुझुकी यांनी शांतपणे सुरुवात केली आणि पुढे त्यांचा आवाज इतका आक्रमक झाला की बहुतेक प्रेक्षक चिडून निघून गेले. थोडेच लोक शेवटपर्यंत थांबले. त्या रात्रीपासून सुझुकी ‘कॅन’चे गायक झाले.

त्यांच्या काळात बँडचे पुढील अल्बम प्रकाशित झाले :

साउंडट्रॅक्स (१९७०) : चित्रपटांसाठी केलेल्या संगीताचा संग्रह. यात मूनी आणि सुझुकी या दोघांचेही गायन आहे. येझी स्कोलिमोव्स्की यांच्या ‘डीप एंड’ या चित्रपटातील ‘मदर स्काय’ ही दीर्घ रचना सुझुकी यांनी गायली आहे.

टागो मागो (१९७१) : क्योल्नजवळच्या एका गढीवजा वाड्यात ध्वनिमुद्रित केलेला दोन तबकड्यांचा अल्बम. यातील ‘हालेलुवा’ ही रचना सुमारे १८ मिनिटांची असून तिने तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापली आहे.

एगे बाम्यासी (१९७२) : या तुर्की नावाचा अर्थ ‘एजियन भेंडी’ असा होतो. मुखपृष्ठावर भेंडीच्या डब्याचे चित्र आहे. ‘व्हिटॅमिन सी’ आणि ‘स्पून’ ही गाणी यात आहेत. ‘स्पून’ हे ‘दास मेसर’ (अर्थ : सुरी) या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत होते आणि जर्मनीच्या लोकप्रियता-यादीत ते सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

फ्यूचर डेज (१९७३) : तुलनेने संथ आणि तरल अल्बम. ‘बेल एअर’ या सुमारे २० मिनिटांच्या रचनेत सुझुकी यांचा आवाज वाद्यांपेक्षा वेगळा न राहता त्यांच्यातच मिसळून जातो.

‘कॅन’ची कार्यपद्धती पुढील काळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वादक स्टुडिओत तासन्‌तास उत्स्फूर्तपणे वाजवीत. ते सारे टेपवर मुद्रित होई आणि नंतर चुकाय टेप कापून, जोडून त्यातून रचना घडवीत. म्हणजे निर्मितीचे दोन टप्पे होते : आधी उत्स्फूर्त वादन, मग निवड आणि संपादन. मंचावर मात्र दुसऱ्या टप्प्याला वाव नसे. तेथे अल्बममधील गाण्यांचा केवळ धागा धरून बँड नवे काही वाजवू लागे. सुझुकी यांनी उत्तरायुष्यात केलेले कार्य म्हणजे यांपैकी पहिल्या टप्प्याचाच स्वतंत्र विस्तार होय.

संगीतापासून दुरावा आणि पुनरागमन

‘फ्यूचर डेज’नंतर, १९७३ मध्ये, सुझुकी यांनी ‘कॅन’ सोडले. विवाहानंतर त्यांनी ‘यहोवाचे साक्षी’ या ख्रिस्ती पंथाचा स्वीकार केला आणि सुमारे दहा वर्षे ते संगीतापासून दूर राहिले. १९८३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. त्यातून बरे झाल्यावर ते पुन्हा गाऊ लागले. क्योल्नच्या ‘डुंकेलत्सिफर’ या बँडबरोबर त्यांनी ‘इन द नाइट’ (१९८४) हा अल्बम केला. त्यानंतर ‘दामो सुझुकी बँड’ या नावाने त्यांचे कार्यक्रम होऊ लागले आणि त्यांत लीबेत्साइट हे जुने सहकारीही सहभागी होते.

‘कॅन’च्या मूळ सदस्यांनी पुन्हा एकत्र येऊन केलेल्या ‘राइट टाइम’ (१९८९) या अल्बममध्ये गायक म्हणून मूनी आहेत. सुझुकी त्यात सहभागी नव्हते.

‘नेटवर्क’ : उत्स्फूर्त कार्यक्रमांची पद्धत

१९९७ पासून सुझुकी ‘दामो सुझुकीज नेटवर्क’ या नावाने कार्यक्रम करू लागले. आरंभीच्या संचात ‘कॅन’चे गिटारवादक मिखाएल कारोली होते. हळूहळू ठरावीक संच ही कल्पनाच गळून पडली. सुझुकी एकटेच प्रवास करीत आणि ज्या गावी कार्यक्रम असेल तेथील वादक त्यांच्याबरोबर वाजवीत. या वादकांना ते ‘ध्वनिवाहक’ (साउंड कॅरिअर्स) म्हणत. अखंड चालणाऱ्या या भ्रमंतीला ‘नेव्हर एंडिंग टूर’ असे नाव मिळाले.

आपल्या पद्धतीसाठी ते ‘तत्क्षण रचना’ (इन्स्टंट कंपोझिंग) हा शब्द वापरीत. तिची वैशिष्ट्ये अशी सांगता येतील :

तालीम नाही. स्वर, लय, सुरुवात किंवा शेवट यांविषयी आधी काही ठरवले जात नसे. अनेकदा वादकांची आणि सुझुकी यांची पहिली भेट कार्यक्रमाच्याच दिवशी होई.

जुनी गाणी नाहीत. ‘कॅन’ची लोकप्रिय गाणी या कार्यक्रमांत गायली जात नसत.

सादरीकरण सहसा सलग असे. गाण्यांमधील विराम, निवेदन किंवा फर्माईश यांना त्यात स्थान नसे.

वादकांमध्ये नामवंत आणि नवोदित असा भेद नसे. जॅझ, पंक, इलेक्ट्रॉनिक किंवा गोंगाट-संगीत अशा कोणत्याही परंपरेचे वादक चालत.

भारतीय वाचकाला येथे रागसंगीतातील ‘उपज’ आठवणे स्वाभाविक आहे, परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. ख्यालगायकाची उपज राग, ताल आणि बंदिश यांच्या चौकटीत फुलते आणि साथीदारांनाही ती चौकट ठाऊक असते. सुझुकी यांच्या कार्यक्रमात अशी सामाईक चौकट नसे. एकमेकांचे ऐकणे एवढाच वादकांना आधार असे. त्यामुळे प्रत्येक प्रयोगात फसण्याची शक्यता गृहीतच धरलेली होती. काही वेळा वादक बराच काळ चाचपडत राहत, तर काही वेळा पहिल्याच ठोक्यापासून सूर जुळे. ‘कॅन’ची गाणी ऐकण्याच्या अपेक्षेने आलेल्या श्रोत्याची निराशाही होऊ शके. सुझुकी यांच्या दृष्टीने ही अनिश्चितता हा दोष नसून कार्यक्रमाचे प्रयोजनच होते.

गायनशैली आणि भाषा

सुझुकी यांच्या गायनात इंग्रजी, जर्मन आणि जपानी शब्दांबरोबर कोणत्याही भाषेत न सापडणारे ध्वनी येतात. या मिश्र उच्चारणाला ते अश्मयुगातील भाषा म्हणत. ‘कॅन’च्या अल्बममध्ये ते कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत फिरताना दिसतात. पुढील काळात त्यांचा आवाज अधिक खर्जाचा आणि खरखरीत झाला. पुटपुटणे, एखादा ध्वनी पुन्हापुन्हा घोळवणे आणि त्यातून हळूहळू लय उभी करणे ही त्यांची लकब होती.

शब्दांना निश्चित अर्थ नसल्यामुळे या गायनाला एक व्यावहारिक लाभ मिळाला. कोणत्याही देशात गाताना भाषेचा अडसर उरला नाही. कवितेला चाल लावण्याऐवजी आवाज हे आणखी एक वाद्य झाले. त्यामुळे ड्रमवादकाने लय बदलली तर गायकालाही त्याच क्षणी वळता येई.

सहकार्य आणि ध्वनिमुद्रणे

या भ्रमंतीतील काही कार्यक्रम ध्वनिमुद्रित होऊन प्रकाशित झाले. बॉस्टनच्या ‘कल डी सॅक’ या बँडबरोबरच्या मैफलींचा संग्रह ‘अभयमुद्रा’ (२००४) या नावाने निघाला. हे नाव संस्कृत असून बुद्धमूर्तीच्या, तळहात समोर धरून भयमुक्तीचे आश्वासन देणाऱ्या उजव्या हाताच्या मुद्रेचे ते नाव आहे. ‘द मार्स व्होल्टा’ या बँडचे गिटारवादक ओमार रॉड्रिगेझ-लोपेझ यांच्याबरोबरची ‘प्लीज हीट धिस इव्हेंच्युअली’ ही दीर्घ रचना २००७ मध्ये प्रकाशित झाली. २०१८ मध्ये लंडनमधील ब्रिक्स्टन भागातील ‘विंडमिल’ या पबमध्ये ‘ब्लॅक मिडी’ हा तरुण बँड त्यांचा ध्वनिवाहक होता. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण या बँडचा पहिला अल्बम येण्यापूर्वीच प्रसिद्ध झाले. वादकांचे वय आणि सुझुकी यांचे वय यांत दोन पिढ्यांचे अंतर होते.

तथापि ज्या संगीताचे मोल त्या क्षणात आहे, त्याचे ध्वनिमुद्रण ही मुळातच अपुरी नोंद ठरते. बहुसंख्य कार्यक्रम केवळ उपस्थित श्रोत्यांच्या आणि वादकांच्या स्मरणात उरले आहेत.

आजार आणि अखेरचा काळ

२०१४ मध्ये सुझुकी यांना पुन्हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गाठले. अनेक शस्त्रक्रिया आणि दीर्घ रुग्णालयवास यांनंतर ते मंचावर परतले. ‘ब्लॅक मिडी’बरोबरची मैफल याच काळातील आहे. त्यांच्या आजारपणाच्या आणि पुन्हा उभे राहण्याच्या वर्षांवर मिशेल हेवे यांनी ‘एनर्जी’ (२०२२) हा माहितीपट केला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी क्योल्न येथे त्यांचे निधन झाले. ‘कॅन’मधील त्यांचे सहकारी कारोली (२००१), लीबेत्साइट (२०१७) आणि चुकाय (२०१७) हे त्यांच्या आधीच निवर्तले होते.

निधनानंतर दोनच आठवड्यांनी ‘कॅन’चा ‘लाइव्ह इन पॅरिस १९७३’ हा अल्बम प्रकाशित झाला. पॅरिसच्या ‘ऑलिंपिया’ सभागृहात झालेल्या या मैफलीत सुझुकी यांचे गायन आहे. ‘स्पून’ आणि ‘व्हिटॅमिन सी’ ही परिचित गाणी मंचावर किती बदलत असत, हे त्यावरून कळते.

प्रभाव

इंग्लंडच्या ‘द फॉल’ या बँडने १९८५ च्या ‘धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस’ या अल्बममध्ये ‘आय ॲम दामो सुझुकी’ या नावाचे गीत समाविष्ट केले. अमेरिकी रॅपर कान्ये वेस्ट यांनी ‘ग्रॅज्युएशन’ (२००७) या अल्बममधील एका गीतात ‘कॅन’च्या ‘सिंग स्वॉन साँग’चा वापर केला. ‘इन्हेरंट व्हाइस’ (२०१४) या चित्रपटात ‘व्हिटॅमिन सी’ ऐकू येते. अमेरिकी गायक-गिटारवादक स्टीफन माल्कमस यांनी २०१२ मध्ये क्योल्न येथे ‘एगे बाम्यासी’ हा संपूर्ण अल्बम मंचावर सादर केला.

हे सर्व उल्लेख ‘कॅन’च्या तीन वर्षांच्या काळाशी निगडित आहेत. ‘नेटवर्क’चा प्रभाव वेगळ्या प्रकारचा आहे. विविध देशांतील अनेक वादकांना, त्यांपैकी कित्येक अप्रसिद्ध, एका ख्यातनाम गायकाबरोबर बरोबरीच्या नात्याने आणि कोणतीही पूर्वतयारी न करता मंचावर उभे राहण्याची संधी त्याने दिली. १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावरील अनोळखी तरुणाला ‘कॅन’ने जी संधी दिली होती, तीच सुझुकी यांनी पुढे गावोगावच्या वादकांना दिली.